पारवा ते पाटणबोरी: ओएसपीएफमधील स्टब आणि एनएसएसए एरियांच्या कामाच्या नोंदी

५ सप्टेंबर २०२३

यवतमाळ, घाटंजी आणि पांढरकवडा येथे आमच्या छोट्या ब्रॉडबँड सेवेचे मुख्य राउटर आहेत. इंटरनेट यवतमाळला येते आणि तेथून भाड्याच्या फायबरचा एक फाटा घाटंजीला, दुसरा पांढरकवड्याला जातो. घाटंजी आणि पांढरकवडा यांना जोडणारे सरळ फायबर नाही. मात्र पारव्याच्या पाण्याच्या टाकीवरून दोन्हीकडे रेडिओ लिंक टाकलेल्या आहेत, आणि पारव्यापुढच्या तीन खेड्यांना सेवा त्याच टाकीवरून जाते. पांढरकवड्यावरून पाटणबोरी आणि करंजी ही दोन ठिकाणे जोडलेली आहेत.

आमचे राउटर एकमेकांना मार्ग (रूट) कळवतात ते ओएसपीएफ या पद्धतीने. त्यात जाळ्याचे भाग, म्हणजे एरिया, पाडण्याचे काम उन्हाळ्यातच झाले होते. एरिया ० हा मधला मुख्य भाग. तिन्ही मुख्य राउटर एरिया ० मध्ये, पारवा आणि पुढची खेडी एरिया १० मध्ये, पाटणबोरी आणि करंजी एरिया २० मध्ये. एरिया १० ला घाटंजी आणि पांढरकवडा असे दोन एबीआर (एरियांच्या सीमेवरचे राउटर) आहेत, तर एरिया २० ला पांढरकवडा हा एकच. सगळे एरिया आजवर साधेच होते, म्हणजे ओएसपीएफच्या बाहेरून आणलेला प्रत्येक रूट टाइप ५ एलएसएच्या (एलएसए म्हणजे राउटर एकमेकांना पाठवतात ती मार्गांची नोंद) रूपाने शेवटच्या खेड्यातील राउटरपर्यंत पोहोचत होता.

त्रास तिथूनच सुरू झाला. घाटंजी आणि पांढरकवडा शहरातील ग्राहक पीपीपीओईने (नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी घेण्याची पद्धत) लॉगइन करतात आणि प्रत्येक लॉगइनचा /३२ रूट, म्हणजे एकाच पत्त्याचा मार्ग, कनेक्टेड (थेट जोडलेला) म्हणून ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट होतो, म्हणजे बाहेरून आत घातला जातो. संध्याकाळी अशा रूटची संख्या साडेपाचशेच्या घरात जाते. शहरात वीज गेली की घरोघरचे राउटर बंद पडतात, ते सगळे रूट एकदम मागे घेतले जातात आणि वीज आली की पुन्हा एकदम जाहीर होतात. टाइप ५ बदलला म्हणून राउटर संपूर्ण एसपीएफ (सगळ्या मार्गांचा हिशेब) नव्याने काढत नाही, हे खरे. पण ६४ एमबी मेमरीच्या जुन्या राउटरला आणि पावसात आधीच दमलेल्या रेडिओ लिंकला एवढ्या एलएसए घेणे, पोच देणे आणि पुढे पाठवणे हेच झेपत नाही. घाटंजीची वीज गेल्यामुळे पारव्यापलीकडच्या खेड्यातील राउटर अडकावा, याला काही अर्थ नाही.

ठरवलेले काम असे: एरिया १० स्टब करायचा, म्हणजे त्यात टाइप ५ येऊच द्यायचे नाहीत. एरिया २० मात्र स्टब करता येत नाही, कारण पाटणबोरीच्या एका जिनिंगचे अंतर्गत जाळे, १९२.१६८.५०.०/२४, त्यांच्या फायरवॉलच्या मागे आहे आणि त्याचा स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट पाटणबोरीच्या राउटरवरून ओएसपीएफमध्ये सोडावा लागतो. स्टब एरियात एएसबीआर, म्हणजे बाहेरचे रूट ओएसपीएफमध्ये आणणारा राउटर, चालत नाही. म्हणून एरिया २० एनएसएसए होणार: त्यातही टाइप ५ येत नाहीत, पण असा रूट आतून टाइप ७ म्हणून सोडता येतो आणि एबीआर त्याचा टाइप ५ करून पुढे देतो. दिवाळीच्या आसपास जिनिंगचा हंगाम सुरू होतो. त्याआधी काम संपले पाहिजे.

आदेश सिस्को पद्धतीचे आहेत. इथे ते देवनागरीत लिहिले आहेत. राउटरवर अर्थात रोमन लिपीतच द्यावे लागतात.

८ सप्टेंबर

आजचा दिवस केवळ तयारीचा होता. जो हे काम दुरून करणार आहे त्याने ही नोंद वगळू नये.

एरियाचा प्रकार बदलला की हॅलो पॅकेटमधील (शेजारचे राउटर एकमेकांना ठरावीक वेळाने पाठवतात ते) ऑप्शन बिट बदलतात. साध्या एरियात ई बिट चढलेला असतो, स्टबमध्ये तो उतरतो. दोन्ही टोकांचा बिट जुळला नाही तर हॅलो टाकून दिला जातो आणि नेबर (शेजारच्या राउटरशी जुळलेले नाते) तुटतो. म्हणजे खेड्यातील राउटरवर «एरिया १० स्टब» असे लिहून एंटर दाबले की काही सेकंदांत त्या राउटरकडे जाणारा ओएसपीएफचा मार्गच नाहीसा होतो. कार्यालयातून लॉगइन केले असेल तर पडदा तिथेच गोठतो.

उपाय साधा आहे. लिंकच्या दोन टोकांचे पत्ते कनेक्टेड असतात, त्यांना ओएसपीएफची गरज नसते. आधी घाटंजीच्या राउटरवर जायचे, तेथून लिंकच्या पत्त्याने पारव्याला, पारव्यावरून पुन्हा लिंकच्या पत्त्याने खेड्यात. या रीतीने गेल्यास नेबर तुटला तरी लॉगइन टिकते. आमच्याकडे एक अडचण मात्र होती: खेड्यातील राउटर केवळ कार्यालयाच्या सबनेटवरून येणारे एसएसएच (दुरून केलेले लॉगइन) घेत होते. सगळ्या राउटरवरील ॲक्सेस लिस्टमध्ये लिंकचे पत्ते घालण्यातच दुपार गेली.

दुसरी सावधगिरी म्हणजे प्रत्येक बदलाआधी «रिलोड इन १०» द्यायचा आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करायचे नाही. काही बिघडले तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगरेशनसह आपोआप उठतो. सगळे नीट असेल तर «रिलोड कॅन्सल» देऊन मग सेव्ह करायचे. पारव्याच्या टाकीवर रात्री माणूस चढवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

१२ सप्टेंबर, रात्री

एरिया १० स्टब केला. क्रम सर्वांत लांबच्या राउटरपासून जवळच्याकडे ठेवला: आधी तिन्ही खेडी, मग पारवा, शेवटी घाटंजी आणि पांढरकवडा हे दोन एबीआर. पारवा बदलून एबीआर बदलेपर्यंतची काही मिनिटे सगळा भाग बंद होता. ते गृहीतच होते.

एबीआर बदलताच पारव्याच्या रूटिंग टेबलमधून (मार्गांच्या यादीतून) टाइप ५ चे सगळे रूट गेले आणि त्यांच्या जागी एकच ओळ आली: डिफॉल्ट रूट (ज्याचा वेगळा मार्ग माहीत नाही ते सगळे जिकडे पाठवायचे तो), प्रकार ओ*आयए, म्हणजे एबीआरने टाइप ३ (दुसऱ्या एरियातील मार्गाची नोंद) म्हणून आत सोडलेला. स्टब एरियात हा डिफॉल्ट एबीआर आपणहून देतो, वेगळा आदेश लागत नाही, आणि त्याची कॉस्ट (मार्गाचा भाव; कमी असेल तो मार्ग आधी) न सांगितल्यास १ असते. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो, कारण एनएसएसएमध्ये नेमके हेच घडत नाही.

१३ सप्टेंबर

दुपारी घाटंजीची वीज गेली. खेड्यातील राउटरचा सीपीयू हललादेखील नाही.

उत्साहाच्या भरात संध्याकाळी दोन्ही एबीआरवर «एरिया १० स्टब नो-समरी» देऊन एरिया टोटली स्टबी केला, म्हणजे डिफॉल्ट सोडून बाकीचे टाइप ३ रूटही आत येणे बंद केले. हा शब्द फक्त एबीआरवर द्यायचा असतो. हॅलोतील बिट तेच राहतात, त्यामुळे नेबर तुटला नाही. पारव्याच्या टेबलमध्ये आता एरियातील स्वतःचे रूट आणि डिफॉल्ट एवढेच उरले. दिसायला फार सुरेख टेबल होते.

उद्या पोळा आणि परवा तान्हा पोळा, त्यामुळे दोन दिवस कशालाही हात लावायचा नाही.

१८ सप्टेंबर

पारव्याच्या कापूस खरेदी केंद्रातून तक्रार आली की पांढरकवड्याच्या सर्व्हरवरील टॅली संथ झाली आहे. पारव्यावरून ट्रेसराउट काढला. पांढरकवड्याला सरळ रेडिओ लिंक असताना पॅकेट घाटंजीला, घाटंजीहून यवतमाळला आणि यवतमाळहून पांढरकवड्याला असा पूर्ण फेरा मारत होते.

कारण आकड्यांतच दिसते. पारवा ते घाटंजी कॉस्ट १०, पारवा ते पांढरकवडा कॉस्ट २० (ती लिंक कमी वेगाची आहे). दोन्ही एबीआर डिफॉल्ट १ कॉस्टने देतात, म्हणून पारव्याला घाटंजीचा डिफॉल्ट ११ आणि पांढरकवड्याचा २१ पडतो. टाइप ३ रूट बंद केल्यावर पांढरकवड्याचे सबनेट कुठे आहे हे पारव्याला कळण्याचा मार्गच राहिला नव्हता. जे माहीत नाही ते सगळे जवळच्या डिफॉल्टवर, म्हणजे घाटंजीकडे. टाइप ३ येत असताना पारवा तीच तुलना नीट करत होता: सरळ गेल्यास २०, घाटंजी-यवतमाळमार्गे गेल्यास १० अधिक फायबरचे दोन टप्पे प्रत्येकी १०, म्हणजे ३०.

«डिफॉल्ट-कॉस्ट» बदलून पाहण्याचा मोह झाला, पण त्याने प्रश्न सुटत नाही. पांढरकवड्याचा डिफॉल्ट स्वस्त केला तर इंटरनेटची सगळी वाहतूक कमी वेगाच्या लिंकवर जाते. दोन एबीआर दोन वेगळ्या गावांत असतील आणि एरियातील लोकांचे दोन्हीकडे काम असेल, तर टोटली स्टबी करू नये. नो-समरी दोन्हीकडून काढले. एरिया १० साधा स्टब राहिला. आमचे टाइप ३ रूट सगळे मिळून चाळीसही नाहीत. ते वाचवून कोणाचे काही भले होणार नव्हते.

२१ सप्टेंबर

रात्री विजांच्या कडकडाटात एका खेड्यातील राउटरचा पोर्ट गेला. सकाळी टाकीवर चढणाऱ्या सहकाऱ्याने कपाटातील राखीव राउटर बसवला आणि फोन केला, «भाऊ, लाइट तर सगळे हिरवे दिसून राहिले, पण नेट काही चालून नाही राहिलं.»

पारव्यावरून त्या राउटरच्या लिंकच्या पत्त्याला पिंग उत्तम लागत होते. «शो आयपी ओएसपीएफ नेबर» मध्ये मात्र तो राउटर मुळीच दिसत नव्हता. इनिट नाही, एक्सस्टार्ट नाही (नेबर जुळतानाच्या या पायऱ्या; शेवटची फुल), काहीच नाही. हॅलोचे डिबग लावल्यावर दहा-दहा सेकंदांनी एकच संदेश येऊ लागला, की स्टब अथवा ट्रान्झिट एरियाचा ऑप्शन बिट जुळत नाही. राखीव राउटरमध्ये उन्हाळ्यातील कॉन्फिगरेशन होते आणि त्यात एरिया १० साधा होता. एक ओळ घातल्यावर चाळीस सेकंदांच्या आत नेबर फुल झाला.

लक्षणांतील फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ई बिट जुळत नसेल तर नेबर यादीत येतच नाही. नेबर यादीत येऊन एक्सस्टार्टमध्ये अडकत असेल तर बहुधा दोन टोकांचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) वेगळा असतो, आणि रेडिओ लिंकवर ते पुष्कळदा घडते. दोन्ही बाबतींत पिंग लागते, त्यामुळे फोनवर दोन्ही तक्रारी एकसारख्याच वाटतात. राखीव राउटरचे कॉन्फिगरेशन आजच नवे केले.

२५ सप्टेंबर, रात्री

एरिया २० कडे वळलो. करंजी, पाटणबोरी आणि शेवटी पांढरकवडा या क्रमाने «एरिया २० एनएसएसए» दिले. एनएसएसएच्या हॅलोत ई बिट उतरलेला आणि एन बिट चढलेला असतो, त्यामुळे स्टब आणि एनएसएसए यांचीही परस्परांशी मैत्री होत नाही. सगळ्यांवर तोच प्रकार हवा.

नेबर लगेच जुळले. यवतमाळच्या टेबलमध्ये १९२.१६८.५०.०/२४ दिसला. आणि पाटणबोरीचे इंटरनेट संपूर्ण बंद पडले.

पाटणबोरीच्या टेबलमध्ये डिफॉल्ट रूटच नव्हता. आधी यवतमाळने सोडलेला डिफॉल्ट टाइप ५ म्हणून येत होता. एनएसएसएमध्ये टाइप ५ ला मज्जाव, म्हणून तो गेला. स्टबप्रमाणे इथेही एबीआर त्याच्या जागी आपणहून काही देईल, असे वाटणे साहजिक आहे, पण आमच्या राउटरवर साधा एनएसएसए तसे करत नाही. पांढरकवड्यावर «एरिया २० एनएसएसए डिफॉल्ट-इन्फर्मेशन-ओरिजिनेट» दिल्यावर टाइप ७ चा डिफॉल्ट आत गेला आणि सेवा सुरू झाली. या डिफॉल्टवर पी बिट नसतो, त्यामुळे तो पुन्हा टाइप ५ होऊन बाहेर जाण्याची भीती नाही.

इतके झाल्यावर करंजीचा डेटाबेस पाहिला तर साडेपाचशेपैकी निम्मे रूट अजून तिथेच होते, फक्त टाइप ५ ऐवजी टाइप ७ म्हणून! पांढरकवडा हा एबीआर आहे आणि पीपीपीओईचे रूट तोच रीडिस्ट्रिब्यूट करत असल्याने एएसबीआरही आहे. तो ज्या एनएसएसएला चिकटलेला आहे त्यात स्वतःचे बाहेरचे रूट टाइप ७ करून सोडतो. घाटंजीचे रूट थांबले, पांढरकवड्याचे तसेच आत आले. यावर «नो-रीडिस्ट्रिब्यूशन» हा पर्याय नेमका याच परिस्थितीसाठी आहे: रूट मुख्य भागात जातील, या एनएसएसएत जाणार नाहीत. तो दिला आणि टाइप ७ मध्ये जिनिंगचा एक रूट आणि डिफॉल्ट एवढेच उरले.

एरिया २० ला बाहेर पडण्याचा मार्ग एकच असल्यामुळे पारव्याची अडचण इथे नाही. म्हणून पहाटे «नो-समरी»ही जोडले. त्यासरशी एबीआर टाइप ३ चा डिफॉल्ट आपणहून देतो. आता दोन डिफॉल्ट झाले, पण एका एरियातून दुसऱ्यात आलेला रूट बाहेरच्या रूटपेक्षा नेहमी वरचढ असल्याने टेबलमध्ये टाइप ३ चाच बसला. टाइप ७ चा डिफॉल्ट निरुपयोगी झाला म्हणून काढून टाकला.

२७ सप्टेंबर

पत्ते आवरण्याचे एक काम शिल्लक होते. पांढरकवड्यावर एरिया २० चे ग्राहकांचे सगळे पत्ते १०.२०.०.०/१६ अशा एका रेंजमध्ये गुंडाळले. लिंकचे पत्ते १७२.१६.२०.०/२४ मध्ये आहेत. ते बाहेर कोणाला लागत नाहीत म्हणून «एरिया २० रेंज» सोबत «नॉट-ॲडव्हर्टाइज» देऊन लपवले. टेबल छोटे झाले.

दुपारी जिनिंगच्या यवतमाळ कार्यालयातून मुनीमजींचा फोन: पाटणबोरीचा वजनकाट्याचा संगणक दिसत नाही.

यवतमाळच्या डेटाबेसमध्ये १९२.१६८.५०.० चा टाइप ५ व्यवस्थित होता आणि जाहीर करणारा राउटर म्हणून पांढरकवड्याचा आयडी होता. टाइप ७ चा टाइप ५ तोच करतो, तेव्हा तेही बरोबर. रूटिंग टेबलमध्ये मात्र तो रूट नव्हता. एलएसए आहे पण रूट नाही, ही स्थिती पाहून बराच वेळ रीडिस्ट्रिब्यूशन, मेट्रिक आणि फिल्टर तपासण्यात गेला. उत्तर त्याच एलएसएच्या एका ओळीत होते: फॉरवर्ड ॲड्रेस (त्या रूटची पॅकेट ज्या पत्त्याकडे पाठवायची तो) १७२.१६.२०.२.

टाइप ७ पुढे टाइप ५ व्हायचा असेल तर त्यात शून्य नसलेला फॉरवर्ड ॲड्रेस असावा लागतो. टाइप ७ तयार करणारा राउटर तो स्वतःच्याच एखाद्या इंटरफेसवरून निवडतो. लूपबॅक (कोणत्याही लिंकवर नसलेला, राउटरच्या आतला इंटरफेस) त्या एरियात असेल तर त्याला पसंती, नसेल तर लिंकचा पत्ता. पाटणबोरीचा लूपबॅक ओएसपीएफमध्ये नव्हता, म्हणून लिंकचा पत्ता गेला. टाइप ५ होताना तो पत्ता तसाच राहतो, आणि घेणाऱ्या राउटरला त्या पत्त्यापर्यंत ओएसपीएफच्या आतला मार्ग सापडला नाही तर तो रूट वापरलाच जात नाही. तो मार्ग सकाळीच नॉट-ॲडव्हर्टाइजने लपवला गेला होता.

दोन उपाय होते. एबीआरवर फॉरवर्ड ॲड्रेस दाबून टाकणे, म्हणजे टाइप ५ मध्ये तो शून्य जातो आणि वाहतूक एबीआरकडे येते. किंवा पाटणबोरीला लूपबॅक देणे. दुसरा निवडला, कारण लूपबॅक देखरेखीसाठीही हवाच होता. १०.२०.२५५.२/३२ एरिया २० मध्ये घातला, स्टॅटिकचे रीडिस्ट्रिब्यूशन काढून पुन्हा दिले आणि नव्या एलएसएत तोच पत्ता आला. तो १०.२०.०.०/१६ मध्ये मोडत असल्याने यवतमाळला मार्ग ठाऊक आहे. संगणक दिसू लागला.

एनएसएसए करणाऱ्याने एएसबीआरवर लूपबॅक आधी घालावा आणि मगच रेंज आणि फिल्टरला हात लावावा. आमचा जवळपास पूर्ण दिवस यात गेला.

९ ऑक्टोबर

यवतमाळ-घाटंजी मार्गावर नालीच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडले. घाटंजी बंद पडणार हे उघड होते. पारवा पांढरकवड्यावरून चालू राहील अशी खात्री होती, आणि तीच खोटी ठरली: पारव्याची टॅली चालू, इंटरनेट बंद.

घाटंजीच्या पोर्टपुढे फायबर भाड्याने देणाऱ्याचा स्विच आहे. फायबर दूर कुठेतरी तुटले तरी आमचा पोर्ट जागाच राहिला. चाळीस सेकंदांनी यवतमाळचा नेबर गेला, घाटंजीने टाइप ३ चे सगळे रूट मागे घेतले. म्हणून पांढरकवड्याच्या सर्व्हरकडची वाहतूक सरळ रेडिओवरून जात राहिली. पण एरिया ० मधील इंटरफेस आणि लूपबॅक जागे असल्याने घाटंजी स्वतःला एबीआरच समजत होता, आणि स्टबचा डिफॉल्ट तो एबीआर म्हणून देतो, त्याच्याजवळ पुढे जायला मार्ग आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पारव्याला ११ चा डिफॉल्ट २१ पेक्षा बरा वाटत राहिला आणि इंटरनेटकडची सगळी पॅकेट घाटंजीत जाऊन नष्ट होत राहिली.

तात्पुरता उपाय म्हणून पांढरकवड्यावरून पारव्याला जाऊन घाटंजीकडचा रेडिओ इंटरफेस बंद केला. खेडी सुरू झाली. फायबर संध्याकाळी जोडले गेले.

१४ ऑक्टोबर

घाटंजीला पारव्यामार्गे पांढरकवड्याशी एरिया ० मध्ये जोडता आले असते तर घाटंजीही चालू राहिले असते. त्यासाठी ओएसपीएफमध्ये व्हर्च्युअल लिंक आहे, पण ती स्टब किंवा एनएसएसए एरियातून नेता येत नाही. एरिया १० पुन्हा साधा करून व्हर्च्युअल लिंक घालावी, तर साडेपाचशे रूट पुन्हा खेड्यात. सहकाऱ्याने सुचवले की घाटंजीचा लूपबॅक एरिया ० मधून काढावा. पण पोर्ट जागाच राहत असल्याने त्याने काहीही साधत नाही.

शेवटी सीमारेषाच हलवायचे ठरवले. पारव्याच्या दोन्ही रेडिओ लिंक एरिया ० मध्ये घ्यायच्या, पारव्यालाच एबीआर करायचे, आणि एरिया १० फक्त पारव्यापुढच्या तीन खेड्यांचा ठेवायचा. मग यवतमाळ, घाटंजी, पारवा, पांढरकवडा असे एरिया ० चे कडे तयार होते आणि कुठेही एक तुकडा तुटला तरी सगळे जोडलेले राहतात. त्या तीन खेड्यांना बाहेर पडायला पारवा हा एकच मार्ग असल्याने तिथे नो-समरी निर्धास्तपणे देता येते.

याची किंमत आहे. पारव्याला आता दमदार राउटर हवा. जुन्या बाजारातून ८,५०० रुपयांना घेतला. टाकीवरील यूपीएसची बॅटरीही बदलावी लागली, कारण पारव्याची वीज जाणे हा आता केवळ पारव्याचा प्रश्न राहणार नाही.

आणि एरिया ० पारव्यापर्यंत आला म्हणजे टाइप ५ पुन्हा रेडिओ लिंकवर येणार. म्हणून जे काम सर्वांत आधी करायला हवे होते ते आता हाती घेतले. घाटंजीच्या पीपीपीओई ग्राहकांचे पत्ते १००.६४.१६.०/२१ मधून आणि पांढरकवड्याचे १००.६४.३२.०/२१ मधून दिले जातात. दोन्ही ठिकाणी त्या /२१ चा एकेक स्टॅटिक रूट नलकडे (पॅकेट टाकून देणारा नावापुरता इंटरफेस) घातला आणि रूट-मॅप (रूट निवडणारी गाळणी) लावून तेवढाच रीडिस्ट्रिब्यूट केला. ग्राहक आला-गेला तरी बाहेर काहीच बदलत नाही. ठरावीक पत्ता घेतलेले थोडे ग्राहक पूलच्या (वाटायच्या पत्त्यांच्या साठ्याच्या) बाहेरचे आहेत. त्यांचे /३२ टॅग लावून वेगळे जाऊ दिले. यवतमाळच्या डेटाबेसमधील टाइप ५ साडेपाचशेवरून वीसच्या आत आले.

एवढे झाल्यावर स्टबची गरज उरते का, हा प्रश्न सहकाऱ्याने विचारला आणि तो रास्त आहे. निव्वळ भाराचा विचार केला तर फारशी उरत नाही. तरी खेड्यातील राउटरला यवतमाळच्या प्रत्येक स्टॅटिकची खबर असण्याचे कारण नाही, म्हणून ठेवतो. ज्याच्याकडे असेच पीपीपीओईचे जाळे आहे त्याने मात्र आधी पूल गुंडाळावेत आणि मग एरियांचा विचार करावा.

२१ ऑक्टोबर, रात्री

दसऱ्याआधी बदल केला. लिंकचा एरिया क्रमांक बदलणे हे एरियाचा प्रकार बदलण्यासारखेच. दोन्ही टोके जुळेपर्यंत नेबर नाही. आधी पांढरकवडा-पारवा लिंक एरिया ० मध्ये घेतली, ती फुल झाल्याचे पाहिले, आणि मगच घाटंजीकडच्या लिंकला हात लावला, त्यामुळे पारवा पूर्ण असा कधीच तुटला नाही. घाटंजीवरून एरिया १० च्या ओळी काढल्या; तो आता एबीआर नाही. पांढरकवड्यावरूनही एरिया १० गेला. पारव्यावर «एरिया १० स्टब नो-समरी». खेड्यातील राउटरवर काहीही बदलावे लागले नाही, त्यांच्या लेखी एरिया १० स्टबच होता.

२८ ऑक्टोबर

दुपारी यवतमाळला घाटंजीकडची फायबर पॅचकॉर्ड मुद्दाम काढली. घाटंजीचा पोर्ट त्या स्विचमुळे जागाच राहिला, म्हणजे परीक्षा खरीखुरी झाली. डेड टायमरचे (हॅलो न आल्यास नेबर गेला असे ठरवण्याची मुदत) चाळीस सेकंद गेले आणि घाटंजीची वाहतूक पारव्यामार्गे पांढरकवड्याकडे वळली. रेडिओच्या क्षमतेत घाटंजी शहर संध्याकाळी मावणार नाही, पण फोन आणि बिलिंग चालेल.

चाळीस सेकंद कमी करण्यासाठी रेडिओ लिंकवर हॅलो ३ आणि डेड १२ करून पाहिले. परतीच्या पावसाची एक सर आली आणि नेबर तुटू-जुळू लागले. रेडिओवर पुन्हा १० आणि ४० ठेवले. फायबरवर मात्र ३ आणि १२ टिकले. टायमर दोन्ही टोकांना सारखेच लागतात, नाहीतर इथेही नेबर यादीत येत नाही.

६ नोव्हेंबर

जिनिंग सुरू झाले. त्यांनी गठाणींच्या गोदामासाठी १०.६०.८.०/२२ हे नवे जाळे जोडले. पाटणबोरीला स्टॅटिक घातला तरी तो टाइप ७ मध्ये येईना, जुना १९२.१६८.५०.० मात्र शाबूत. पाटणबोरीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये «रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक» पुढे «सबनेट्स» लिहिले नसेल तर केवळ पत्त्यांच्या जुन्या ए, बी, सी वर्गांच्या हिशेबात बसणारी जाळी जातात. /२४ चा १९२.१६८ बसत होता, /२२ चा १० बसत नाही. शब्द जोडला, रूट गेला.

पुढच्या वर्षी करंजीवरून यवतमाळकडे दुसरा मार्ग टाकण्याचे चालले आहे. तसे झाले तर एरिया २० ला दोन एबीआर होतील आणि टाइप ७ चा टाइप ५ त्यांपैकी एकच करेल: ज्याचा राउटर आयडी मोठा तो. हे काम पांढरकवड्याकडेच राहावे म्हणून त्याचा आयडी १०.२५५.०.९० केला आहे आणि करंजीसाठी १०.२५५.०.२० राखून ठेवला आहे. आयडी बदलल्यावर ओएसपीएफची प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागते, म्हणून ते आज रात्री दोननंतर उरकले. दुसरा एबीआर येईल तेव्हा एरिया २० मधील नो-समरीही काढावे लागेल.